किती लांबनं बघितलंस?

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. "बाई, मुलाकडं लंडनला चाललोय. तिकडं चित्रंबित्रं काय बघायची ते जरा सांगा की." हा पहिला प्रकार. दुसरा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा: चार पैसे हातात आलेत, शेंगेन व्हिसा झालाय, अकरा दिवसांत पाच शहरं, आणि "बाई, यादी द्या." तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण तो विचारत नाही, ऐकवतो. "तुम्ही जाऊन आलायत, तुम्हाला काय! आम्ही इथं कोल्हापुरात बसून काय शिकणार?" या तिघांना मी आजवर दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, असं एका विद्यार्थिनीनं मागच्या महिन्यात मला तोंडावर सांगितलं. खरं आहे. म्हणून एकदाच लिहिते.

आधी कबुली. २०१७ साली लंडनहून आल्यावर मी दोन पानांची यादी टाइप केली होती, 'चित्रकाराने युरोपात पाहायलाच हवीत अशी २७ चित्रे'. तिच्या झेरॉक्स अजून फिरतात. परवा तर ती इचलकरंजीहून कुणीतरी मलाच पाठवली, "उपयोगी पडेल" म्हणून. त्या २७ पैकी ९ चित्रं तेव्हा मी पाहिलेली नव्हती. पॅरिस आणि माद्रिदची सगळी पुस्तकातून उचललेली. लिहिताना मात्र असं लिहिलं होतं, जणू कालच त्यांच्यासमोरून उठून आले. ती यादी करणारी बाई आज समोर आली, तर मी तिला दोन शब्द सुनावीन. पण तीही गप्प बसणारी नाही. ती म्हणेल, यादी नसती तर ही माणसं लंडन आयपुढं फोटो काढून परत आली असती. तेही खोटं नाही.

घाई असलेल्यांसाठी थोडं सरळ सांगते. लंडनच्या नॅशनल गॅलरीला तिकीट नाही, म्हणून सगळी एका दिवसात उरकू नका. रोज एक तास जा आणि बाहेर पडा. ब्रिटिश म्युझियममध्ये ममी बघायला गर्दी असते, पण तिथंच आधी वेळ ठरवून गेलात तर अभ्यासिकेत मूळ रेखाचित्रं तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. बाहेर पडलात की ग्रेट रसेल स्ट्रीटवर कॉर्नेलिसनचं रंगांचं दुकान आहे, १८५५ पासूनचं. तिथं पाकीट सांभाळा, माझं सांभाळलं गेलं नाही. लूव्रमध्ये मोनालिसाच्या काचेपुढं झुंबड असते, आणि त्या झुंबडीची पाठ समोरच्या भिंतीवरच्या व्हेरोनेसेच्या चित्राकडं असते. बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं ते चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आहे. मोनालिसा पाऊण मीटर उंचीची. मी व्हेरोनेसेकडं तोंड करून उभी राहिले तर दोघांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, मी त्यांच्या फोटोत येत होते. लंडनच्याच टेट ब्रिटन संग्रहालयात सार्जंट या चित्रकाराचं कंदील पेटवणाऱ्या मुलींचं चित्र बघा. संध्याकाळचा तो उजेड दहा-पंधरा मिनिटंच टिकायचा, म्हणून रोज तेवढंच रंगवत त्यानं १८८५ आणि ८६ ची शरदऋतूतली संध्याकाळ न् संध्याकाळ त्यात घातली.

झालं. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. मला विचारता ते हे नसतं, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला विचारायचं असतं की जाऊन आल्यावर माझं काय झालं. त्याचं उत्तर द्यायला मी टाळते, कारण ते केनवुडपाशी जाऊन थांबतं.

आमच्या सरांचा रविवारचा वर्ग तुमच्यापैकी निम्म्यांनी केलाय, त्यामुळं ती खोली, तो कौलांतून येणारा उजेड, ती मोडकी डाँकी (चित्र काढायला बसायचा बाक), यांचं वर्णन करत नाही. भिंतीवरचं रेम्ब्रांटचं चित्रही आठवत असेल. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. पांढरी टोपी घातलेला म्हातारा रेम्ब्रांट, छातीपाशी कापलेला. मागं भिंतीवर वाकलेल्या दोन रेघा. सर सांगायचे, ती कमान आहे, दाराची. म्हातारा दारात उभा आहे, आत यावं की जावं या विचारात. आम्ही वर्षानुवर्षं तो दारातला म्हातारा बघून सावल्या रंगवल्या, बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाच्या ट्यूबा संपवल्या. आणि सरांचा दुसरा धडा हातांचा. "तोंडाची चोरी हातात सापडती," म्हणायचे. पोर्ट्रेटमधले हात कच्चे ठेवले की पेपर परत.

२०१७ च्या मे महिन्यात मी नणंदेकडं हॅरोला होते. तिनं मला हॅम्पस्टेडला नेलं ते हिरवळीसाठी. केनवुड हाउस त्या हिरवळीच्या कडेला आहे, तिकीट नाही, आणि आत हे चित्र आहे हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आधीच्या चार दिवसांत मी सहा संग्रहालयं केली होती आणि पाय सुजले होते. एका दालनात व्हर्मीरची गिटार वाजवणारी मुलगी बघून वळले आणि समोर आमच्या वर्गातला म्हातारा.

पण तो छातीपाशी संपत नव्हता. चित्र साधारण ११४ बाय ९४ सेंटिमीटरचं. खाली अंगरखा, कमरेपर्यंतचा देह, पॅलेट, ब्रश, हात टेकायची काठी. मागं कमान नाही, दार नाही. दोन मोठी वर्तुळं आहेत, पुरी न दिसणारी, आणि ती का काढली यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं भिंतीवरचे जगाचे नकाशे, कुणी म्हणतं मुक्तहस्त वर्तुळ काढायची उस्तादी. आणि हात? हात नव्हताच. पॅलेट धरलेल्या जागी ब्रशचे चार-पाच फटकारे, बस्स. आमच्यापैकी कुणी असा हात आणला असता तर पेपर परत. तपकिरी रंगाबद्दलही आम्ही फसलो होतो. कॅलेंडरवाल्यानं सगळ्यावर एकच चॉकलेटी थर दिला होता. इथं त्याखाली राखाडी होतं, गालात लालसर होतं, टोपीवरचं पांढरं तर अंगठ्याएवढ्या जाडीनं थापलं आहे असं वाटलं.

मला काय वाटलं? लोकांना आवडेल असं उत्तर म्हणजे डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. पंचवीस वर्षं कापलेल्या चित्रावरून शिकलो, असा राग. मग मी फोन काढला आणि फोटो काढले. टोपीचे, वर्तुळांचे, हाताचे. सदतीस फोटो. नणंद बाहेर बाकावर थांबली होती, म्हणून आटपलं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी वर्गात गेले. दहा-बारा पोरं स्केच करत होती. थांबायला हवं होतं, पोरं जाईपर्यंत. नाही थांबले. टॅबलेट सरांपुढं धरला आणि म्हटलं, "सर, ही कमान नाही. वर्तुळं आहेत. आणि हे बघा हात, रंगवलेलेच नाहीत." माझ्या आवाजात काय होतं ते मला आजही ऐकू येतं. एक पोरगा हसला.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं. बोट फिरवून हात मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग विचारलं,

"किती लांबनं बघितलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे जवळनं हे फटकारे. मागं सरकत गेल्यावर कितव्या पावलाला हात दिसाय लागला?"

मला सांगता येईना. मी मागं सरकलेच नव्हते. सदतीस फोटो काढले होते, सगळे जवळून. सर काही बोलले नाहीत. "बस, चहा घे" म्हणाले. त्यांनी विषय बदलला तो माझ्यासाठी, हे कळायलाही मला घरी यावं लागलं.

पुढच्या रविवारी कॅलेंडरचं पान भिंतीवर नव्हतं. त्या जागी भिंतीचा तेवढाच चौकोन पांढरट राहिला होता. त्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. २०२१ मध्ये सर गेले.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे घरबसल्या सरांनाच जास्त दिसलं, जायची गरजच नाही. असं मी म्हणत नाही. सर चुकलेच होते. कमान नव्हती ती नव्हती, आणि न जाता ते कधीच कळलं नसतं. आबालाल रहिमानांचं उदाहरण ते नेहमी द्यायचे: "आबालाल कुठं गेलता? रंकाळ्यावर गेलता." हेही अर्धंच. आबालाल मुंबईला जाऊन, जे. जे. कलाशाळेत शिकून मग कोल्हापुरात परतले आणि शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. जाऊन येऊन रंकाळा काढणं आणि न जाता काढणं एक नव्हे, असं मी सरांशी पुष्कळदा भांडले आहे.

पण त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार रेम्ब्रांटच निघाला, आणि हे मला त्यांच्या पश्चात वाचायला मिळालं. हा माणूस नेदरलँड्सच्या बाहेर कधी गेलाच नाही. त्या काळी चित्रकारानं इटलीला जाऊन यायचं हा रिवाज. १६३० च्या सुमारास हायगेन्स नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं या तरुणाचं कौतुक केलं आणि तक्रारही नोंदवून ठेवली, की इटलीला जा म्हटलं तर हा म्हणतो, वेळ नाही, आणि चांगली इटालियन चित्रं इथंच बघायला मिळतात. पुढं त्याच घरबशानं आपल्याकडची मुघल लघुचित्रं मिळवली आणि जपानी कागदावर त्यांच्या नकला केल्या. वीसेक आज शिल्लक आहेत. शहाजहान त्याच्या टेबलावर आला, तो उठून कुठं गेला नाही. सर असते तर हे ऐकून त्यांनी मला महिनाभर छळलं असतं.

दुसरी सफर २०२३ ची, माझ्या फंडाच्या पैशांतून, माद्रिद आणि पॅरिस, दहा दिवस. प्रादोमध्ये फोटो काढू देत नाहीत. इतकी बरी बंदी मी दुसरी पाहिली नाही. शेवटचे दोन तास तिकीटही नसतं, फक्त रांग असते. तीन संध्याकाळी मी एकाच चित्रापुढं काढल्या: वेलास्केझचं 'लास मेनिनास', १६५६ चं, तीन मीटरहून उंच. जवळून राजकन्येच्या बाहीवर नुसते करड्या-गुलाबी रंगाचे ओरखडे. मी मागं सरकत गेले, पावलं मोजत. माझ्या मोजणीनं नवव्या पावलाला ती बाही झाली. दुसऱ्या दिवशी अकराव्याला. तिसऱ्या दिवशी एक शाळेची सहल मध्ये आली आणि मोजणी चुकली. रखवालदार माझ्याकडं बघत होता. पाय चपलांसकट दुखत होते, आणि हे सांगायला कुणी नव्हतं.

यातून काही सिद्ध झालं का? नऊ की अकरा? दिवसागणिक बदलतं म्हणजे डोळा बदलतो, उजेड, की माझी पावलं? माहीत नाही. माझ्या चित्रातले हात सुधारले का, असं कुणी विचारलं तर तेही सांगता येणार नाही. मी आता ते कच्चे सोडते आणि लोक म्हणतात, बाईंची नजर गेली.

एक गोष्ट राहिली, ती तिसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मी चौकशीच्या खिडकीवर अजिंठ्याच्या नकलांबद्दल विचारलं होतं. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. मधले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून त्या केल्या, पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं केलेल्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत खाक झाल्या होत्या, आणि यांच्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्ये जळाल्या. उरलेल्या भांडारात आहेत, मांडलेल्या नाहीत, असं उत्तर मिळालं. वाईट वाटलं. मग खिडकीवरच्या त्या मुलीनं अगदी सहज विचारलं, "पण मूळ चित्रं तुमच्याकडेच आहेत ना? कशी आहेत?" मी अजिंठा दोनदा पाहिलंय. एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा जावेच्या मुलाच्या लग्नाहून येताना, पाऊण तास. इंग्रजी येत नाही असं दाखवून मी तिथून सटकले.

केनवुडला मी परत गेलेले नाही. गोल्डर्स ग्रीनहून २१० नंबरची बस जाते, दारापाशी थांबते. यंदा तुमच्यापैकी दोघं लंडनला निघालेत, मला ठाऊक आहे. गेलात तर पाठीमागं कुणी नाही ना बघून त्या चित्रापासून मागं सरकत जा, आणि पॅलेट धरलेला हात कितव्या पावलाला दिसला तेवढं मला फोन करून सांगा. रात्रीअपरात्री केलात तरी चालेल.