शनिवारच्या मैफलीचं बुधवारचं पीप

कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन गावचा 'ब्लू अँकर' हा गवतानं शाकारलेला जुना पब. 'स्पिंगो' नावाची एल (बिअरचा एक प्रकार) तो आपल्याच आवारात बनवतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घरची एल बनवणारे असे जुने पब ब्रिटनभर चारच उरले होते, त्यांतला हा एक.

अशा पबात शनिवारी गाणंबजावणं असेल, तर तळघरातली तयारी बुधवारी सुरू होते. रिअल एल म्हणजे पिपातच मुरणारी एल; तिच्यातलं यीस्ट पिपातही काम करत असतं, त्याला घाई चालत नाही. नऊ गॅलनच्या पिपाला फर्किन म्हणतात. हिशेबानं ७२ पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं मोठं माप), पण गाळापायी दोन-तीन सोडायचेच. पीप घडवंचीवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी पाचर मारायची, मग हलवायचं नाही. वरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकली की जादा वायू फेसाबरोबर बाहेर पडतो. फेस थांबला की कठीण लाकडाची खुंटी. ती लवकर ठोकली तर बारवरच्या हातपंपातून नुसता फेस येतो; उशीर केला तर एल मिळमिळीत होते. एल काढायची तोटी ठोकायची ती शुक्रवारी.

तळघर ११ ते १३ अंशांवर हवं. त्याखाली एल गढुळते, त्यावर लवकर आंबते. 'इंग्रज कोमट बिअर पितात' असं आपल्याकडे ठासून सांगतात, पण १२ अंश म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षा बरंच गार!

तोटी मारलेलं पीप तीन दिवसांत संपायला हवं. त्यामुळे गर्दीच्या धास्तीनं सगळी पिपं उघडणं हा महागडा मूर्खपणा. दोनशे पाइंट खपणार असतील तर तीन उघडावीत, चौथं खुंटी ठोकून, पण तोटी न मारता तयार ठेवावं. निम्मं संपत आलं की उरलेली एल तोटीकडे यावी म्हणून पिपाची मागची बाजू अलगद उचलायची, तीही गाणं सुरू असताना, गिऱ्हाईक जागेवर असतं तेव्हा. ऐन गर्दीत घाईनं उचललं की गाळ उठतो आणि पुढचे सगळे ग्लास परत येतात.

इंग्लंड-वेल्समध्ये परवानाधारक पबात सकाळी ८ ते रात्री ११ ध्वनिवर्धकाविना वाजवायला वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल-अकॉर्डियन घेऊन बसणं सोपं. खरी झुंबड मध्यंतरात उडते. त्याआधी कठीण खुंटी काढून मऊ लावलीय ना, हे पाहावं. विसरलं तर पिपात हवा शिरत नाही, पंप जड होतो आणि ओढून ओढून शेवटी गाळच वर येतो. पब बंद होताना पुन्हा कठीण खुंटी.