नेगोंबोत अकरा तास, आई आणि एक बाटली

आज आईने शेजारच्या काकूंना परत बाटलीची गोष्ट सांगितली, आणि दर वेळी ती बाटली मोठी होत चाललीय, सुरुवातीला अर्ध्या लिटरची होती आज दोन लिटरची झाली, म्हणून म्हणलं जसं झालं तसं एकदा लिहून ठेवावं.

ताईच्या बाळंतपणासाठी आईला मेलबर्नला पोचवायचं होतं. लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हैदराबाद, तिथून विमानाने कोलंबो, आणि पुढचं विमान रात्री बाराला. कोलंबोत उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजलेला. तिकीट एवढं स्वस्त का पडलं ते तिथं खुर्चीवर टेकल्यावर कळलं.

आता अकरा तास एअरपोर्टवर आईला बसवायचं म्हणजे अवघड, तिला एसीत गुडघे धरतात. मी मात्र आधीच बघून ठेवलं होतं. एअरपोर्ट नावाला कोलंबोचं, आहे कटुनायकेला, कोलंबो शहर तिथून तीसेक किलोमीटर, आणि नेगोंबो नावाचं समुद्रकाठचं गाव दहाच किलोमीटर. श्रीलंकेचा ईटीए, म्हणजे देशात शिरायची परवानगी, घरूनच ऑनलाइन काढला होता. मोठ्या बॅगा थेट मेलबर्नला गेल्या होत्या, हातात फक्त आईची पिशवी. घड्याळ बी बदलायची गरज नाही, तिथली वेळ आपलीच. थोडे पैसे बदलून घेतले, आपल्या एका रुपयाचे तिथले साडेतीनच्या आसपास येतात, आईला दोन मिनिटं लय श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

बाहेर आलो तर रिक्षा उभी, लाल रंगाची, आणि बजाजची. तिथं सगळीकडं त्याच. आईला म्हणलं, वाळूजला बनते ही, आपला आत्तेभाऊ जिथं कामाला आहे तिथं. आई रिक्षाच्या दांड्यावरून हात फिरवत म्हणली, "एवढ्या लांब आलो अन् बसलो औरंगाबादच्याच रिक्षात." (संभाजीनगर म्हणायचं तिच्या अजून तोंडात बसलं नाही.)

माझी यादी मोठी होती. डच किल्ला, सेंट मेरी चर्च, मासळीबाजार, इंग्रजांच्या काळातला हॅमिल्टन कॅनॉल, आणि शेवटी खाडीत बोटीतून चक्कर. आठच्या आत परत यायचं, म्हणजे एअरपोर्टातून बाहेर पडायचा वेळ सोडून हातात पाच तास, वाटेत अर्धा-अर्धा तास धरला तरी सगळं बसत होतं, मोबाईलमधे वेळ टाकून ठेवली होती मी.

पहिला किल्ला. कमानीवर 1678 कोरलंय, डचांनी नव्याने बांधलेला, ह्या भागातल्या दालचिनीच्या व्यापारावर पकड ठेवायला. आणि आत काय, तर जेल. चालू जेल, आत जाता येत नाही. आई कमानीकडं बघून म्हणली, "आपला औशाचा किल्ला तरी आतून बघू देतेत." पाच मिनिटात ते झालं.

किल्ल्याला लागूनच मासळीबाजार आणि पुढं वाळूवर, जिथवर नजर जाईल तिथवर, काथ्याच्या चटयांवर मासे वाळत घातलेले. पोट फाडलेले, खारवलेले, ओळीनं. वास असा की माळकरी आईने पदर नाकाला लावला तो लावलाच. मी म्हणलं चल, चर्चला जाऊ. पण ती हलेना. एक बाई काठी घेऊन कावळे हाकत होती आणि मधूनच वाकून मासे उलटे करत होती, आई पदर नाकावर धरूनच तिच्याकडं बघायली. मग म्हणली, "ती कडंची रांग पालटायची राहिली तिची." आणि चक्क तिला हातानं खुणा करून सांगितलं! माशाला हात लावला नाही, पण लांबून मुकादमी सुरू. ती बाई हसली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली, आई लातुरीत बोलली, दोघींचं अर्धा तास काय चाललं होतं मला आजही कळलेलं नाही. काकूंना मात्र आई ते शब्दनशब्द सांगते, त्या बाईला तीन मुली आहेत म्हणे.

तोवर यादीतली दोन ठिकाणं गेली. मी थोडा चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. खाडीतली ती बोट राहिली ह्याचं मला आजही वाईट वाटतं, तिथं खारफुटी आहे, पक्षी असतात.

भूक लागली तर हॉटेलात नारळाची लाल चटणी आली, पोल सांबोल, आई घास घेणार तेवढ्यात मी विचारलं तर त्यात सुक्या माशाचा चुरा. बऱ्याचदा असतोच म्हणे. मग पिशवीतले धपाटे आणि शेंगाची चटणी निघाली, वरून तॅम्बिली, म्हणजे तिथला केशरी रंगाचा नारळ, त्याचं पाणी. ते आईला एवढं आवडलं की दोन प्याली.

सूर्य बुडायच्या वेळेला किनाऱ्यावर गेलो. आईने समुद्र पहिल्यांदा बघितला तो हा. लाट पायावर आली, तिने ओंजळ भरली, जिभेला लावली, आणि थू करून म्हणली, "खरंच की रे." जणू इतकी वर्षं लोकांनी उगाच सांगितलं असावं अशी तिला शंका होती. मग पिशवीतली रिकामी बाटली काढून भरून घेतली. कशाला, तर देवघरात ठेवायला, सागराचं पाणी हाय. मी म्हणलं आई, विमानात शंभर मिलीच्या वर नेऊ देत नाहीत. ती म्हणली, "समुद्राच्या पाण्याला कोण आडवतंय."

आडवलं. गेटजवळच्या तपासणीत त्या पोराने बाटली वर धरली आणि मान हलवली. आई वाद घालेल म्हणून मी तयार होतो, पण तिचं लक्षच नव्हतं. ती शेजारच्या पिंपाकडं बघत होती. पिंप बाटल्यांनी गच्च, अर्ध्या, पाऊण, काही तर न फोडलेल्या. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा ही बाई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली आहे, भांडी विसळलेलं पाणी तुळशीला घालायची. तिने बाटली परत मागितली, झाकण उघडून दोन थेंब स्वतःच्या डोळ्याला लावले, दोन माझ्या डोक्यावर शिंपडले, एक त्या पोराच्या हातावर पडला, आणि मग शांतपणे बाटली देऊन टाकली.

विमानात बसल्यावर, पट्टा लावून झाला तरी गप्पच. दिवे बंद झाल्यावर हळूच विचारलं, "त्या बाकीच्या बाटल्यातलं पाणी झाडाला तरी घालत असतील न्हवं?"

मी हो म्हणलं.