मढे घाटाचा लक्ष्मी धबधबा: खालून बघायचा असेल तर

मढे घाटाच्या माथ्यावरच्या केळद गावाच्या पठारावर गाडी लावून काठावर गेलात, तर पाणी कड्यावरून सुटताना दिसतं, पडताना दिसत नाही. धबधबा बघायचा तर कोकणाच्या अंगाला उतरावंच लागतं. क्रम असा ठेवावा: शेजारच्या उपांड्या घाटाने खालच्या कर्णवडी गावाला उतरायचं आणि मढे घाटाने चढून परत यायचं. मढेचा धबधब्याजवळचा टप्पा ओल्या कातळाचा आहे. तिथे चढताना हात-पाय दोन्ही कामी येतात, उतरताना सगळी भिस्त टाचेवर. शिवाय चढताना धबधबा समोर राहतो.

पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर, तिथून वेल्हे, मग केळद. पेट्रोल नसरापूरलाच भरून घ्या. पहाटे साडेपाचला पुणं सोडलं तर नऊच्या आत चालायला लागता येतं. पूर्ण फेरीला विश्रांती धरून पाच-सहा तास. दुपारी बाराला सुरुवात करणाऱ्यांना धुक्यात अंधार गाठतो, म्हणून बॅटरी प्रत्येकाकडे हवीच.

वाट चुकते ती उपांड्याच्या माथ्याशी. ढोरवाटा फुटतात आणि कारवीच्या झुडपांत खरी वाट झाकली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: या जुन्या घाटवाटा लमाणांच्या बैलांसाठी पडलेल्या, त्यामुळे त्या नागमोडी उतरतात. वाट एकदम सरळ खाली घसरू लागली, पायाखाली सुटे धोंडे आले, की आपण नाळेत, म्हणजे पाणी वाहायच्या उभ्या घळीत, शिरलोय. तिथूनच मागे फिरायचं; 'खाली कुठेतरी मिळेल' हा विचार कड्याच्या टोकाशी नेतो. कर्णवडीत मढेची वाट विचारून घ्यावी.

हिरवट कातळापेक्षा काळा, चकाकणारा कातळ जास्त फसवा. त्यावरचं शेवाळ दिसत नाही. पाऊल सपाट टाका आणि वजन देण्याआधी दाबून बघा. झिजलेले बूट घरीच ठेवा.

ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला असावा, म्हणजे पडल्यास सॅक टाकता येते. दोर कमरेला कधीच बांधू नका. घसरलेला माणूस त्याच दोराने पाण्याखाली दाबला जातो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर वर पाऊस कोसळलाय. फोटो राहू द्या, उंचावर सरका. कुंडात उतरायचं नाही. वरून पाण्याबरोबर दगडही येतात.

छत्री कड्यावरच्या वाऱ्यात उलटते, पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) बरा. माणशी दोन लिटर पाणी, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.

सिंहगड पडल्यावर, 1670 साली, तानाजी मालुसऱ्यांचं शव याच वाटेने त्यांच्या उमरठ गावी नेलं, म्हणून हा मढे घाट, असं परंपरा सांगते. खांद्यावर भार घेऊन ही वाट कशी उतरले असतील, हे चढताना कळतं.

जुलैत पाणी प्रचंड, पण धुक्यात धबधब्याचा नुसता आवाज ऐकून परतायची वेळ येते. गणपतीनंतरचे दोन-तीन आठवडे उत्तम. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढतात. निघायच्या आदल्या दिवशी ते बघून घ्या.