राणी कलरचा कुर्ता आणि सासऱ्यांचा लेंगा

आज घरात तीन बनियन, एक टॉवेल आणि सासऱ्यांचा पांढरा लेंगा असं सगळं फिक्कट गुलाबी झालंय. कारण, मी 🙈 तुळशीबागेतून आणलेला कॉटनचा कुर्ता, पहिलाच वॉश, आणि तो सरळ नव्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधे बाकीच्यांसोबत ४० डिग्रीवर टाकला. काचेतून बघते तर आत कोकम सरबत फिरतंय, आणि दार काही उघडेना.

आई फोनवर म्हणाली, आधी मिठाच्या पाण्यात बुडवायचा ना गं. पण खरं सांगू, तयार कपड्याचा रंग मीठ-व्हिनेगरनं पक्का होत नाही. मीठ लागतं ते रंगवताना, आणि रिॲक्टिव्ह डाय (कॉटन रंगवायला वापरतात तो एक प्रकारचा रंग) कॉटनला धरतो तो धुण्याच्या सोड्यामुळे, तेही तेव्हाच. नंतर उरलेला सुटा रंग भरपूर पाण्यानं काढूनच टाकावा लागतो, आणि इथंच या मशीनची गोची आहे, ती पाणीच इतकं कमी घेते की सुटलेला रंग जाणार कुठे, शेजारच्या बनियनवर! वर मी जुन्या सवयीनं पावडर दोन मापं टाकलेली, नुसता फेस, खळबळणं नीट झालंच नाही.

मग कुर्ता बादलीत काढला, चौथ्या पाण्याला रंग जरा कमी झाला. लेंगा वाळू न देता ऑक्सिजनवाल्या ब्लीचमधे भिजवलाय. सासरे म्हणतात, राहू दे गं, रंगपंचमीला घालीन.