बांबेर्गची धुराची बिअर

राउखबिअर, म्हणजे जर्मनीतल्या बांबेर्ग गावची धुराच्या चवीची बिअर, पहिल्या घोटात आवडत नाही. बहुतेकांना नाहीच आवडत. तरी ग्लास बाजूला सारू नका, एवढं सांगायलाच खरं तर ही पोस्ट लिहितेय.

आम्ही न्यूर्नबर्गजवळ राहतो, तिथून रिजनल ट्रेनने तासाभरात बांबेर्ग येतं. पुण्याहून माझा आतेभाऊ आला होता आणि त्याने तिकीट काढतानाच सांगून ठेवलेलं की म्युनिक वगैरे नंतर, आधी बांबेर्ग. दादाला क्राफ्ट बिअरचं वेड पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली 2009 मध्ये तेव्हापासून, त्यामुळे तो नुसता प्यायला येत नाही, कुठलं माल्ट, कुठली हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), किती दिवस मुरवली सगळं विचारतो, आणि असा माणूस बरोबर असला की ट्रिपला मजा येते. शनिवारी सकाळी निघालो, रविवारी रात्री परत.

गाव सुंदर आहे, 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, नदीच्या मधोमध बेटावर बांधलेला जुना टाउन हॉल, वर टेकडीवर चार मनोऱ्यांचं कॅथेड्रल, ते सगळं बघितलं. फोटो इन्स्टावर टाकलेत. पण आम्ही आलो होतो श्लेंकर्ला या ब्रुअरीच्या बिअरसाठी.

श्लेंकर्ला म्हणजे कॅथेड्रलच्या टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या गावातल्या अरुंद गल्लीतलं लाकडी तुळयांचं घर, कागदोपत्री पहिला उल्लेख 1405 चा. हे त्यांचं पिण्याचं ठिकाण, ब्रुअरी इथून चालत थोडं वर, श्टेफान्सबेर्ग टेकडीवर. आत शिरलं की म्युझिक नाही, टीव्ही नाही, नुसता माणसांच्या बोलण्याचा आवाज. स्वतंत्र टेबल मिळेल ही अपेक्षा ठेवायची नाही, लांब टेबलं असतात, जिथे जागा दिसेल तिथे आधीच बसलेल्यांना विचारायचं आणि बसायचं. आमच्या शेजारी एक आजी-आजोबा होते, दोघांपुढे अर्ध्या लिटरचा एकेक ग्लास, आणि पलीकडे एक कुटुंब दोन लहान मुलांना घेऊन जेवत होतं. मला हे फार आवडतं. इथे पिणं म्हणजे काही लपवायची किंवा मिरवायची गोष्ट नाही, शनिवारचं जेवण आहे आणि त्याबरोबर गावात बनलेली बिअर आहे, बस.

बिअर लाकडी पिंपातून येते. पिंप काउंटरवर ठेवलेलं, खाली पितळेचा नळ ठोकलेला, गॅसचं प्रेशर वगैरे काही नाही, आपल्या वजनाने खाली येते तेवढीच. त्यामुळे गॅस कमी, फेस मऊ आणि दाट. रंग जवळजवळ काळा, उजेडासमोर धरलं की तांबूस. आणि वास! ग्लास तोंडाजवळ नेला की चुलीवर वांगं भाजत ठेवल्यावर घरभर जो दरवळ सुटतो तो. इथली माणसं स्मोक्ड हॅमशी तुलना करतात पण मला वांगंच आठवलं.

पहिल्या घोटानंतर दादा म्हणाला, ‘अगं, हा नुसता धूर आहे.’ नवऱ्याने तर ग्लास खाली ठेवला. पण बसून राहिलो, जेवण मागवलं (बांबेर्गर त्स्वीबेल, म्हणजे खिमा भरलेला अख्खा मोठा कांदा, वर याच बिअरचा सॉस), आणि अर्धा ग्लास होईपर्यंत नाक धुराला सरावलं, मग त्याच्या खालचं सगळं यायला लागलं, माल्टचा गोडवा, शेवटी थोडा कडूपणा, आणि एकदम जाणवलं की ही भलतीच नीट बांधलेली बिअर आहे. दुसरा ग्लास नवऱ्यानेच आधी मागवला. अल्कोहोल 5.1 टक्के, म्हणजे डोक्यात जाणारी नाही, निवांत बसायची.

धूर येतो कुठून तर वरून काहीही घातलेलं नाही. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, आणि मोड थांबवायला ती वाळवायची, याला माल्ट म्हणतात. पूर्वी भट्टीत वाळवायचं तर खाली लाकूड पेटवायचं, धूर सरळ दाण्यांतून वर जाणार, म्हणजे तेव्हा बऱ्याच बिअरला कमीजास्त धुराची चव असणारच. मग अशा भट्ट्या आल्या ज्यात दाण्याला फक्त गरम हवा लागते, आणि हळूहळू सगळ्यांनी लाकूड सोडलं. बांबेर्गमध्ये श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल या दोघांनी नाही सोडलं, अजून स्वतःचं माल्ट स्वतः बनवतात, बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर. शेकडो वर्षं सगळे सोप्या वाटेने जात असताना दोन घरं तिथेच उभी राहिली, मला तर याचं फार कौतुक वाटतं. आणि दादाला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की श्लेंकर्लाची जी साधी हेलेस लागर (फिकट रंगाची बिअर) आहे तिच्यात धुराचं माल्ट अजिबात नसतं, पण त्याच भांड्यांत शिजते, तेच यीस्ट वापरतात, म्हणून तिलाही धुराचा हलका वास येतोच.

रविवारी श्पेत्सियाल. हे 1536 चं, नदीच्या पलीकडे, स्टेशनच्या बाजूला. यांचा धूर खूप सौम्य, रंगही उजळ, आणि टेकडीवर यांची बाग आहे जिथून कॅथेड्रल समोर दिसतं. पहिल्यांदा राउखबिअर पिणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं दादाचं ठाम मत. मला नाही पटत. इथून सुरुवात केली तर श्लेंकर्लाची जरा जास्तच वाटेल आणि माणूस सौम्यवरच थांबेल, त्यापेक्षा आधी श्लेंकर्लाला जा, पोटात काहीतरी असू द्या, आणि किमान दोन ग्लासांएवढा वेळ हातात ठेवा. ट्रेनमध्ये परत येईपर्यंत यावर वाद चालला होता, मिटला नाही. ऑक्टोबरमध्ये श्लेंकर्लाची ऊरबॉक येते, 6.5 टक्क्यांची, जास्त मुरवलेली, त्यासाठी आम्ही दोघं परत जाणार आहोत, दादाला फोटो पाठवू.