आत्याबरोबर सासणगीर

पुणे-वेरावळ गाडीत आत्यानं आधी साताऱ्याचे कंदी पेढे अख्ख्या डब्यात वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "सिंव्ह बघाया चाललोय." प्रवासाचं एवढं पुरे. वेरावळला उतरून सरळ सासण गाठलं.

सकाळची सफारी, उघडी जिप्सी, सोबत गाईड. साग निष्पर्ण झालेला, त्यामुळं नजर लांबवर जात होती. एका वळणावर गाईडनं नुसता हात वर केला. रस्त्याच्या कडेलाच दोन सिंहिणी आडव्या पडलेल्या, भोवती पिल्लांचा धिंगाणा. एक पिल्लू दुसरीच्या, म्हणजे मावशीच्या, पोटाशी घुसलं. ती दबक्या आवाजात गुरगुरली आणि कूस बदलली. पठ्ठ्या हलला नाही. तिचा डोळा लागेपर्यंत थांबला आणि पुन्हा लुचायला लागला! गाईड म्हणाला, हे नेहमीचंच. कळपातल्या माद्या बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या, त्यामुळं पिल्लं एकत्रच वाढतात.

आत्याला मात्र आयाळवाला हवा होता. "आन् बाप्या कुठं हाय?"

बाप्या इथं फारसा राहतच नाही. आफ्रिकेत नर कळपासोबत दिसतात. गीरमध्ये माद्यांचे गट छोटे आणि नर वेगळे फिरतात. मुख्यतः माजाच्या वेळी किंवा मोठी शिकार पडली की एकत्र येतात. इथलं मुख्य भक्ष्य चितळ, ते एकदोघींना पुरतं. तरी नर येऊन शिकारीवर हक्क सांगायचा तो सांगतोच.

खरी भीती परक्या नराची. तो इलाका घेतो तेव्हा आधीच्यांची पिल्लं मारतो, म्हणजे मादी पुन्हा लवकर माजावर येते. गीरच्या सिंहिणींनी यावर तोड काढलेली अभ्यासकांना दिसली आहे. त्या आसपासच्या एकापेक्षा जास्त नरगटांशी मीलन करतात. पिल्लू आपलंही असेल, या शक्यतेनं कुणीच त्याच्या वाटेला जात नाही. हे मी आत्याला जरा आडून-आडून समजावलं. ती एवढंच म्हणाली, "हुशार हाय की."

साधारण एकशेदहा दिवसांनी वीत. विण्यासाठी सिंहीण एकटी बाजूला जाते, डोळे मिटलेली पिल्लं झुडपात लपवते आणि तोंडात धरून एकेक करत जागा बदलत राहते. दीड-दोन महिन्यांनी त्यांना इतरांत आणते. पुढं नर वयात आले की बाहेर पडतात, माद्या बहुतेक आईच्याच मुलखात राहतात. "म्हंजे लेकी माहेरी आन् पोरं देशोधडीला," आत्याचा निकाल. वाघीण मात्र सगळं एकटीनं निभावते. इथला हा गोतावळा बघताना ते सारखं आठवत होतं.

२०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह मोजले गेले. त्यात प्रौढ माद्या ३३० आणि प्रौढ नर १९६. तेव्हा आयाळवाला दिसला नाही म्हणून गाईडशी भांडू नका.

सातारा-सांगलीकडून जाणाऱ्यांसाठी: १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं. परमिट ऑनलाइन आणि आधीच काढा. हमखास सिंह हवा तर देवळियाचं कुंपणातलं उद्यान आहे. आम्हीही दुपारी गेलो. तिथला आयाळवाला गाढ झोपलेला. आत्यानं एक फोटो काढला, कारण मेढ्यात सगळे विचारणार, आणि बसमध्ये बसून मोबाइलवर पिल्लांचा व्हिडिओ लावला.