शनिवारची दुपार

रिट्रीटला, म्हणजे शुक्रवार ते रविवारच्या ख्रिस्ती मौन-प्रार्थनेच्या शिबिराला, शुक्रवारी संध्याकाळी वेळेत पोहोचा, असं कितीदा सांगितलं तरी बरीच माणसं ऐन प्रवचनाच्या वेळी बॅगा ओढत आत येतात. मला याचा मनापासून त्रास होतो. त्या रात्री तसं मोठं काही नसतं. खोली मिळते, फादर मौनाचे नियम सांगतात, रात्रीच्या प्रार्थनेनंतर मौन सुरू होतं आणि रविवारच्या जेवणापर्यंत टिकतं. पण ही संध्याकाळ चुकली की शनिवारची सकाळ डोक्यातलं ऑफिस बाहेर काढण्यातच जाते.

सकाळ तशी सोपी. अर्ध्या तासाचं प्रवचन, बायबलमधला एक उतारा, मग तासभर एकट्याने प्रार्थना. जेवणापर्यंत असं दोनदा होतं. वही भराभर भरते.

अवघड असते ती दुपार. तीनच्या सुमाराला डोळ्यांवर पेंग असते, सकाळी जिवंत वाटलेलं वचन कोरडं होतं, तास सरकत नाही. कोणी व्हरांड्यात कुजबुजू लागतो, कोणी घरची काळजी म्हणून मोबाइल उघडतो, कोणी संतचरित्र आणून वाचत सुटतो. यातलं वाचन मला सर्वांत फसवं वाटतं, कारण ते पुण्याचंच काम असतं. पण देवासमोर रिकामं बसणं त्याने टळतं.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी स्पेनमधल्या मान्रेसातल्या १५२२-२३ मधल्या अनुभवातून जी साधना रचली, तिच्यात याला नेमका उपाय आहे. तास कोरडा जात असेल तर लवकर उठायचं नाही, उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसायचं. आणि अशा वेळी आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. बॅग भरून निघावंसं वाटतं ते बहुधा याच तासाला.

नवा उतारा शोधू नका. सकाळी मन जिथे हललं किंवा अडलं, त्याच ओळीवर परत या. गुडघ्यांवर, बसून, उभं राहून, ज्या स्थितीत मन लागेल तिथेच थांबा. तास संपल्यावर पाव तास फेऱ्या मारत काय घडलं ते आठवा आणि चार ओळी लिहा. फादरांच्या भेटीत त्याच सांगा. तिथे सगळी जीवनकथा काढली तर वेळ तिच्यातच संपतो.

मूळ साधना सुमारे तीस दिवसांची, चार 'आठवड्यां'त विभागलेली. ती सगळी दोन दिवसांत बसवू पाहणारी रिट्रीट मला नको वाटते. प्रवचनांची गर्दी होते आणि मौनाचे तास आखडतात.

संध्याकाळी आराधना आणि कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. रांगेत उभं राहून पापं आठवू नयेत, ती तयारी दुपारीच करावी. सोबत बायबल, जपमाळ, वही आणि मऊ तळाच्या चपला असाव्यात. शांत जिन्यावर एक टणक टाच साऱ्या मजल्याला ऐकू जाते. हातघड्याळ तर हवंच. तेच नसल्यामुळे किती जण वेळ बघायला म्हणून मोबाइल उघडतात आणि मग त्यातच राहतात.

रविवार मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, आणि आवराआवरीत संपतो. वहीतल्या त्या चार ओळी पुन्हा वाचायला मिस्सेनंतर अर्धा तास मोकळा ठेवतात, ती रिट्रीट मला आवडते. ठेवला नसेल तर बॅग पहाटेच भरून तो काढावा, जेवणाच्या घंटेआधी.